पाण्याचा जमाखर्च

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे एक लहानसे गाव आहे. २०२४ पर्यंत या जिल्ह्याचे नाव अहमदनगर असे होते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघरला, पावसाळ्यात दिवसच्या दिवस सूर्याचे दर्शन घडत नाही. हिवरे बाजार मात्र सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत सापडलेले. तेथे वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, आणि एखाद्या वर्षी तोही दगा देतो. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात या गावच्या विहिरी उन्हाळ्यापूर्वीच आटत, डोंगर उघडे बोडके झाले होते, आणि पुष्कळ माणसे पोटासाठी गाव सोडून परमुलखात गेली होती.

१९८९ साली पोपटराव पवार या गावचे सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगर-उतारावर समतल चर खणले, नाल्यांना बांध घातले, झाडे लावली आणि ती राखली. हे काम इतर काही गावांतही झाले आहे. परंतु हिवरे बाजारने त्यापुढे आणखी एक गोष्ट केली. तिथे पाण्याचा हिशेब लिहिला जाऊ लागला. पावसाळा संपला की पर्जन्यमापकातील आकडे आणि विहिरींच्या पाण्याची पातळी पाहून गावात एकंदर किती पाणी जमा झाले ते मोजावयाचे. माणसांच्या व जनावरांच्या पिण्यासाठी लागणारे पाणी प्रथम बाजूला काढावयाचे. आणि उरलेल्या पाण्यात कोणती पिके घेता येतील ते ग्रामसभेत ठरवावयाचे. ऊस आणि केळी यांसारखी तहानलेली पिके तेथे वर्ज्य ठरली. शेतीसाठी कूपनलिका खोदण्यासही बंदी झाली. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी दहा हजार लिटर भरते, हे गणित शाळेतील मुलालाही सोडविता येईल. गावाने तेच गणित मन लावून सोडविले. पुढे २०२० साली पवार यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

गावाला जसा पाण्याचा जमाखर्च आहे, तसाच तो प्रत्येक माणसाच्या शरीरालाही आहे. सुदृढ मनुष्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. पस्तीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सुमारे वीस-एकवीस लिटर पाणी वावरत असते. रक्तात ते आहे, स्नायूंत आहे, मेंदूत आहे. वरून कोरड्या व टणक दिसणाऱ्या हाडांतदेखील ते थोडेबहुत आहेच. हा साठा कधी स्थिर नसतो. तो रात्रंदिवस खर्च होत असतो, आणि खर्च झाला तेवढा तो पुन्हा भरून काढावा लागतो.

हा हिशेब तराजूवर मांडण्याचे श्रेय इटलीतील सांतोरिओ या वैद्याकडे जाते. तो १५६१ साली जन्मला आणि पुढे पादुआच्या विद्यापीठात वैद्यकाचा अध्यापक झाला. त्याच्या थोडे आधी याच विद्यापीठात गॅलिलिओ गणित शिकवीत असे. सांतोरिओने एक मोठा तराजू टांगला आणि त्याला आपली खुर्ची अडकविली. त्या खुर्चीवर बसून तो जेवी. जेवण्यापूर्वी आपले वजन करी, जेवल्यावर करी. खाल्लेल्या अन्नाचे, प्यालेल्या पेयाचे आणि शरीरातून बाहेर पडलेल्या मलमूत्राचेही वजन करी. हा उद्योग त्याने सुमारे तीस वर्षे चालविला! अशा खुर्चीवरचे जेवण रुचकर लागत असेल की नाही, कोण जाणे. परंतु त्यातून एक विलक्षण गोष्ट उघड झाली. आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले तर मलमूत्रावाटे तीनच पौंड बाहेर पडत. उरलेले पाच पौंड डोळ्यांना न दिसता कोठेतरी नाहीसे होत. श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीर सतत अदृश्य रूपाने काही बाहेर टाकीत असते, असे अनुमान त्याने काढले आणि १६१४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या अदृश्य खर्चात मुख्यतः पाण्याची वाफ असते आणि तिच्यासोबत श्वासातील काही वायूही असतो, हे आज माहीत झाले आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे तोंडातून निघणारे धुके किंवा आरशावर सोडलेल्या श्वासाने उमटणारा ओलसर डाग हा त्याच खर्चाचा पुरावा होय.

सौम्य हवेत, फारसे कष्ट न करणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरातून दिवसाला अदमासे अडीच लिटर पाणी जाते. त्यापैकी दीड लिटरच्या आसपास मूत्रावाटे, पाऊण ते एक लिटर श्वास व त्वचा यांवाटे आणि थोडेसे मलावाटे जाते. जमेच्या बाजूला प्यालेले पाणी व इतर पेये यांचा वाटा सर्वांत मोठा असला तरी तो एकटाच नाही. अन्नातही पाणी असते. काकडीत शंभर भागांपैकी सुमारे पंचाण्णव भाग पाणीच असते; कलिंगडात नव्वदाहून अधिक, दुधात सत्त्याऐंशीच्या आसपास; शिजलेल्या भातातही निम्म्याहून पुष्कळ अधिक. तिसरी जमा मोठी गमतीची आहे. अन्नाचे ज्वलन होऊन शरीराला शक्ती मिळते तेव्हा त्या ज्वलनातून पाणीही तयार होते. शंभर ग्रॅम मेद शरीरात पूर्णपणे जळला, तर शंभर ग्रॅमहून किंचित अधिकच पाणी उत्पन्न होते. चुलीत लाकूड जळावे आणि शेजारच्या घागरीत थोडे पाणी वाढावे, तशीच ही गोष्ट!

खर्चाच्या बाजूला एक कलम असे आहे की ते एका दिवसात दुप्पट-तिप्पट होऊ शकते. ते कलम घामाचे. चैत्र-वैशाखात पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या भागांत दुपारचा पारा चाळीस अंशांच्या वर चढतो. शरीराचे स्वतःचे तपमान सदतीस अंश. बाहेरची हवा शरीराहून अधिक तापली म्हणजे अंगातील उष्णता हवेत सोडून देण्याचा मार्गच बंद होतो. उलट हवाच अंगाला तापवू लागते. अशा वेळी शरीर जी युक्ती योजते, ती प्रत्येक घराच्या ओसरीवरील माठात पाहावयास मिळते. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाणी पाझरते, हवेत त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठातील उष्णता घेऊन जाते. म्हणून आतील पाणी गार होते. मातीच्या माठाऐवजी तांब्याच्या हंड्यात पाणी ठेवले तर ते असे गार होत नाही, कारण हंड्याला घाम येत नाही. माणसाच्या त्वचेवर लक्षावधी घर्मग्रंथी हेच पाझरण्याचे काम करतात. एक लिटर घामाची अंगावर वाफ झाली म्हणजे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. तेवढ्या उष्णतेत साध्या हवेतील साडेसात लिटर पाण्याला उकळी फुटेल. यावरून घाम हा किती सामर्थ्यवान सेवक आहे, हे ध्यानात येईल. परंतु तो फुकट राबत नाही. कडक उन्हात अंगमेहनतीचे काम करणारा मनुष्य तासाला एक लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक पाणी घामावाटे गमावतो. कांदा खिशात ठेवला म्हणजे ऊन बाधत नाही, असे काही जण सांगतात. गेलेला घाम मात्र त्या कांद्याने भरून येत नाही.

मग शरीराला आपली तूट कळते कशी? रक्तातील पाणी कमी झाले की रक्त किंचित दाट होते. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागाला हा दाटपणा लागलीच जाणवतो. तेथून दोन आज्ञा सुटतात. पहिली आज्ञा तहानेची. दुसरी आज्ञा मूत्रपिंडांकडे जाते : पाणी जपून वापरा! मूत्रपिंडांचे काम थक्क करणारे आहे. दिवसभरात ती सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळून घेतात आणि त्यातील दीड लिटर तेवढा बाहेर सोडून बाकीचा सगळा रक्ताला परत करतात. आज्ञा मिळताच ती बाहेर सोडावयाचा भाग आणखी घटवितात. लघवी थोडी व गडद पिवळी होते, ती याच कारणाने. परंतु काटकसरीलाही मर्यादा आहे. शरीरातील टाकाऊ द्रव्ये विरघळवून बाहेर नेण्यासाठी दिवसाला निदान अर्धा लिटर पाणी तरी लागतेच.

एखादे उदाहरण घेतले म्हणजे हा हिशेब स्पष्ट होईल. पाथर्डी तालुक्यातील एखाद्या वस्तीवर राहणारी बारा वर्षांची मुलगी आहे असे समजू. तिचे वजन पस्तीस किलो. एप्रिल महिना. घरातील फुलपात्रात पाव लिटर पाणी मावते. सकाळी तिने एक फुलपात्र पाणी घेतले. शाळेत ती पाणी प्यालीच नाही. घरी आल्यावर दोन फुलपात्री व रात्री जेवताना एक, असे दिवसभरात चार फुलपात्री, म्हणजे एक लिटर पाणी पोटात गेले. अन्नातून अर्धा लिटर मिळाले, अन्नाच्या ज्वलनातून पाव लिटरहून थोडे कमी, समजा पाचवा हिस्सा लिटर. एकूण जमा एक लिटर सातशे मिलिलिटर. आता खर्च पाहू. एरवी लघवीवाटे एक लिटर गेले असते, श्वास व त्वचा यांवाटे सहाशे मिलिलिटर, मलावाटे शंभर. शाळेची वाट उन्हातून चालताना तीनशे मिलिलिटर घाम गेला आणि संध्याकाळी खो-खोच्या खेळात आणखी पाचशे. बेरीज अडीच लिटर! आठशे मिलिलिटरची तूट आली. मूत्रपिंडांनी लघवी निम्म्यावर आणून पाचशे मिलिलिटर वाचविले. तरीही तीनशेची तूट राहिलीच. हे आकडे केवळ अंदाजाचे आहेत. मुलामुलांत व दिवसादिवसांत ते बदलतात. परंतु त्या मुलीचे डोके दुपारपासून का ठणकत होते आणि शेवटच्या तासाला गणितात तिचे चित्त का लागत नव्हते, याचा काही उलगडा त्यावरून होतो. वजनाच्या शंभर भागांपैकी दोन भाग पाणी कमी झाले, म्हणजे या मुलीच्या बाबतीत सातशे ग्रॅम घटले, तर थकवा येतो आणि एकाग्रता ढळू लागते.

तिने शाळेत पाणी का घेतले नाही, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. कदाचित ती विसरली असेल. खेळाच्या नादात तहान मागे पडते, हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे. परंतु पुष्कळ मुली जाणूनबुजून पाणी टाळतात. कारण शाळेत स्वच्छ, दाराला कडी असलेले स्वच्छतागृह नसते आणि लघवीला जाण्याचा प्रसंग येऊ नये असे त्यांना वाटते. अशा मुलीला ‘पाणी पीत जा’ एवढाच उपदेश करणे व्यर्थ होय. तिच्या जमाखर्चातील तूट भरून काढण्यासाठी माठाइतकीच त्या कडीचीही गरज आहे. केरळातील शाळांत २०१९ साली ‘पाण्याची घंटा’ सुरू झाली. ठरावीक वेळी घंटा वाजते आणि सारा वर्ग थोडे पाणी पितो. विसराळूपणावर हा उपाय उत्तम आहे. कडीचे काम मात्र घंटेने होत नाही.

याच जिल्ह्याच्या पूर्व भागातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊस तोडण्यासाठी कारखान्यांच्या मुलखात जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ असेच म्हणतात. जणू माणसे दोन नसून हत्यार एक! पहाटे अंधारात फडात शिरावयाचे, ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावर वाहून गाडीत भरावयाच्या. आणि हंगाम लांबला तर मार्च-एप्रिलच्या उन्हातही हेच काम करावयाचे. उसाच्या दाट फडात वारा फिरत नाही. घाम अंगावरच थिजतो व त्याची वाफ होत नाही. तेव्हा तो वाया जातो, शरीर गार होत नाही. फडात ना सावली, ना आडोसा. त्यामुळे बायकांचे पाणी आणखी कमी होते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत डॉक्टरांच्या ध्यानात आले. मधुमेह किंवा रक्तदाब यांसारखे नेहमीचे कारण त्यांच्यात आढळेना. उन्हातील अतिश्रम आणि दिवसेंदिवस राहणारी पाण्याची तूट यांवर मुख्य संशय आहे. तेथे काही ठिकाणी मजुरांना फडाजवळ सावलीचे तंबू, ठरावीक विश्रांती आणि भरपूर पाणी मिळू लागले, तेव्हा मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाल्याचे दिसून आले. पाण्याची कळशी फडाच्या बांधावर असावी की अर्ध्या मैलावरील विहिरीवर, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

घामाची चव खारट असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून हेही उघड होते की घामाबरोबर मीठही खर्ची पडते. दिवसभर घाम गाळणाऱ्याने नुसतेच पाणी घटाघटा पीत राहिल्यास रक्तातील मीठ विरळ होते आणि त्यातूनही डोकेदुखी, ओकारी, क्वचित फेफरे अशी संकटे ओढवतात. म्हणून शेतात जाताना मीठ घातलेले ताक नेण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे. कैरीचे पन्हेही तसेच. जुलाब झाले असता तर पाणी आणि मीठ दोन्ही झपाट्याने जातात. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते रोग्यांना तोंडानेच पाजण्याची व्यवस्था केली. रोग्यांचे आप्तच पिंपातून ते घेऊन त्यांना पाजीत. एरवी शंभरांपैकी वीस-तीस रोगी दगावत. तेथे हे प्रमाण चारांच्याही खाली आले. लहान आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांच्या सोबतीने रक्तात शिरतात व आपल्यामागून पाण्याला ओढून नेतात, हे त्यातील मर्म आहे. घरी हे पेय करावयाचे झाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालतात. चमचा चहाचा घ्यावयाचा. प्रमाण मात्र नीट पाळावे लागते; मीठ अधिक झाल्यास अपाय होतो.

ऊन लागून माणसाचे बोलणे असंबद्ध होऊ लागले, तो भोवळ येऊन पडला किंवा त्याचे अंग भट्टीसारखे तापले, तर जमाखर्च मांडीत बसण्याची ती वेळ नव्हे. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि डॉक्टरांना तातडीने बोलवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते.

एरवीच्या दिवसांत मात्र हा हिशेब ठेवणे मुळीच अवघड नाही. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलाला अन्नातील पाणी धरून दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात आणि खेळाच्या दिवशी त्याहून अधिक. प्रथम घरातील फुलपात्रात किती पाणी मावते ते मापाने पाहून घ्यावे. मग प्रत्येक फुलपात्रामागे वहीच्या मागील पानावर एक रेघ ओढावी. लघवीचा रंग हा दुसरा साक्षीदार. फिकट पिवळा असला तर जमा पुरेशी आहे; गडद झाला तर ती कमी पडली. शाळेत वजनकाटा असल्यास खेळापूर्वी व खेळानंतर वजन करून पाहावे. घाम पुसून वजन केले असता जेवढे ग्रॅम घटले असतील, जवळजवळ तेवढे मिलिलिटर पाणी अंगातून गेले. सांतोरिओची खुर्ची नसली तरी त्याचा प्रयोग असा पाव तासात होतो.

सर्व वर्गाने मिळून करण्याजोगा आणखी एक प्रयोग आहे. शाळेचा माठ सकाळी काठोकाठ भरावा आणि शाळा सुटताना तो पुन्हा भरण्यास किती तांबे पाणी लागले ते मोजावे. दिवसा मध्येच भरलेले पाणीही त्यात मिळवावे. थोडे पाणी माठाच्या अंगातून पाझरून उडून जाते. तेव्हा सुट्टीच्या एका दिवशी कोणी पाणी घेत नसताना माठ किती उतरतो ते पाहून तेवढे वजा करावे. बाकी राहिलेल्या पाण्याला हजर मुलांच्या संख्येने भागले म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती आले ते कळते. घरून आणलेल्या बाटल्यांचा हिशेब निराळा मांडावा लागेल. जानेवारीत एक आठवडा आणि मार्चच्या अखेरीस एक आठवडा असे आकडे घेऊन ते भिंतीवरील तक्त्यात शेजारी शेजारी लिहावेत, आणि त्याखाली त्या त्या दिवसाचे दुपारचे तपमान लिहावे.